सर्टिफिकेट : वाक्यात उपयोग करा

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. ‘खालील शब्दाचा वाक्यात उपयोग करा.’ आजच्या भागात तोच प्रश्न मी तुम्हाला घालणार आहे. शब्द आहे ‘सर्टिफिकेट’.

आता कुणी म्हणेल, ताई, हा कुठे मराठी शब्द? बरं, मग सांगा, घरात बोलताना तुम्ही शेवटचं ‘प्रमाणपत्र’ कधी म्हणालात? आपण सर्टिफिकेट काढतो, सर्टिफिकेट लावतो, सर्टिफिकेट हरवतं आणि मग आई कपाटातली सगळी फाइल पलंगावर ओतते. भांडणातसुद्धा म्हणतो, ‘मला तुझ्या सर्टिफिकेटची गरज नाही.’ म्हणजे शब्द आला साहेबाबरोबर, पण राहायला आपल्याच घरात आहे.

तर आज आपण या शब्दाची पाच वाक्यं करू. पाचही रोजच्या बोलण्यातली. आणि प्रत्येक वाक्याच्या मागे थोडा इतिहास आहे, तो उकरून बघू.

वाक्य पहिलं : ‘त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे का?’

हे वाक्य साहेबाच्या आधीपासून आपल्याकडे आहे. फक्त तेव्हा शब्द होता ‘सनद’. मूळ अरबी शब्द. अर्थ आधार, म्हणजे ज्याला टेकून उभं राहता येतं असं काहीतरी. तो फारसीतून आपल्या दरबारी मराठीत आला.

सनदेचं महत्त्व समजायला १७१९ सालात जाऊ. पेशवा बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेला आणि येताना मुघल बादशहाच्या सनदा घेऊन आला. स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या. आता गंमत बघा. मराठे चौथाई आधीपासून वसूल करतच होते. तलवार हातात होती. मग कागद कशाला हवा होता? कारण तलवारीनं पैसा मिळतो, पण हक्क म्हणायला कागद लागतो. सनद आल्यावर तीच वसुली ‘लूट’ न राहता ‘हक्क’ झाली. पैसा तोच, पण त्याला नाव मिळालं.

आता पुढे चला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. गावोगाव इनामं होती. कुणाला देवळाच्या पूजेसाठी जमीन, कुणाला पूर्वजांच्या पराक्रमाबद्दल, कुणाला विद्वत्तेबद्दल. या जमिनींवर सारा नाही किंवा अगदी थोडा. कंपनी सरकारच्या डोळ्यांत ते सलायचं. मग मुंबई इलाख्यात इनाम कमिशन आलं आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानं त्याला जोर मिळाला. प्रश्न साधे वाटतील असे होते. जमीन कुणी दिली? सनद दाखवा. देणाऱ्याला द्यायचा अधिकार होता का? तेही दाखवा.

विचार करा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद. मधल्या काळात किती लढाया, किती आगी, किती पावसाळे, किती भाऊबंदकीच्या वाटण्या! सगळ्या गावाला माहीत आहे की ही जमीन यांची. पण साहेब गावाला विचारत नव्हता, कागदाला विचारत होता. हजारो इनामं पूर्ण किंवा अंशतः खालसा झाली. १८५७ च्या आसपास दख्खनेत जो असंतोष होता, त्याच्या कारणांत इतिहासकार इनाम कमिशनचं नाव घेतात ते उगीच नाही.

आणि याच गोष्टीची दुसरी बाजू. इनामदारांचे दावे पडताळायला सरकारला पेशव्यांची जुनी कागदपत्रं लागत होती. म्हणून ती जपली गेली. आज पुण्यात ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, त्या मोडी रुमालांवर मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग उभा आहे. ते आपल्यापर्यंत पोचलं, त्यात सरकारच्या या संशयाचाही वाटा आहे.

‘सनद’ शब्द अजून जिवंत आहे बरं का. आयएएस अधिकाऱ्याला आपण ‘सनदी अधिकारी’ म्हणतो. सीए म्हणजे ‘सनदी लेखापाल’. आणि कोर्टात जाऊन बघा, नवा वकील अजूनही आनंदानं सांगतो, ‘मला सनद मिळाली.’ हा वकिलीचा धागा धरूनच पुढच्या वाक्याकडे जाऊ.

वाक्य दुसरं : ‘ती शिकलीय, पण सर्टिफिकेट नाही.’

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. १८५९ ला पहिली मॅट्रिक, १८६२ ला पहिले बी.ए. त्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इथून आपल्या समाजात एक नवी उतरंड तयार झाली, परीक्षेची. व्हर्नाक्युलर फायनल झालेला प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचा. मॅट्रिक झालेला कचेरीत चिकटायचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत तर ‘नॉन-मॅट्रिक’ हीसुद्धा एक ओळख होती. म्हणजे नसलेल्या सर्टिफिकेटचंही नाव!

पण हा सगळा खेळ बराच काळ पुरुषांचाच होता. इथे मला एका बाईची गोष्ट सांगायची आहे. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाची ती पहिली महिला पदवीधर. परीक्षेत ती अव्वल आली. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडला जायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. कॉर्नेलियाला नाकारली. कारण? ती मुलगी होती. मार्कांत कमी नव्हती, फक्त त्या कागदावर मुलीचं नाव बसत नव्हतं.

मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंही नाव होतं. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोचली, सॉमरव्हिलमध्ये. कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेला बसायला तिला खास परवानगी काढावी लागली. १८९२ साली तिनं परीक्षा दिली. तिथे ती परीक्षा देणारी ती पहिली बाई.

आणि डिग्री? डिग्री नाही. कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना डिग्री देतच नव्हतं. शिका, परीक्षा द्या, पण कागद मागू नका. तो कागद तिला मिळाला १९२२ साली. तीस वर्षांनी! बाई तेव्हा पंचावन्न वर्षांची होती.

मधली तीस वर्षं ती बसून राहिली नाही. बंगालात पडद्यातल्या विधवा आणि वारस बायका होत्या. त्यांच्या नावावर इस्टेटी, पण परपुरुषासमोर यायचं नाही म्हणून वकिलाशी बोलायची सोय नाही. कॉर्नेलिया त्यांच्या घरात जायची, कागद वाचायची, सल्ला द्यायची. १९०४ पासून तर सरकारनंच तिला कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे या कामासाठी नेमलं होतं. काम वकिलाचं, अक्कल वकिलाची, पण हक्कानं वकील म्हणून कोर्टात उभं राहायची मुभा नाही. १९२३ च्या कायद्यानं हिंदुस्थानात बायकांना वकिलीचं दार उघडलं, तेव्हा कुठे ती कलकत्त्यात रीतसर वकिली करू लागली.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आजकाल आपण सहज म्हणतो, ‘सर्टिफिकेटमध्ये काय आहे, स्किल पाहिजे.’ ज्याला कागद सहज मिळतो, त्याला असं म्हणणं परवडतं. कॉर्नेलियाकडे स्किल भरपूर होतं. कागद नव्हता, म्हणून प्रत्येक पायरीवर तिला कुणाची तरी मेहेरबानी लागत होती. खास परवानगी, खास नेमणूक, खास शिफारस. सर्टिफिकेटचा खरा फायदा हाच, की ते हातात असलं की कुणाच्या मर्जीवर उभं राहावं लागत नाही.

वाक्य तिसरं : ‘दाखल्यावर तारीख काय आहे?’

आता जरा हलकं. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात १ जूनला वाढदिवस असणारे किती जण आहेत मोजा. आमच्याकडे तिघं आहेत. दोन काका आणि एक आत्या. आणि तिघांपैकी एकाचाही जन्म १ जूनचा नाही!

झालं असं, की गावाकडे पोर जन्मलं की तारीख लिहून ठेवायची पद्धत नव्हती. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘दुष्काळ पडला त्या साली’, ‘थोरलीचं लग्न झालं तेव्हा पोटात होता’ अशी नोंद आजीच्या डोक्यात. शाळा सुरू व्हायची जूनमध्ये. बाप पोराला घेऊन शाळेत आला की गुरुजी विचारणार, जन्मतारीख? बाप डोकं खाजवणार. मग गुरुजी पोराकडे बघून अंदाजानं वर्ष ठरवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. म्हणजे शाळा उघडताना वयाचं वर्ष बरोब्बर पूर्ण! एका फटक्यात प्रवेश पक्का.

गुरुजींच्या टाकाच्या त्या एका फटक्यानं पुढे काय काय ठरलं बघा. नोकरीला लागायचं वय, रिटायर व्हायची तारीख, पेन्शन, पासपोर्ट, आधार. अख्खा महाराष्ट्र जूनमध्ये जन्मलाय की काय असं वाटावं. सरकारी कार्यालयांत ३१ मेला एकदम इतके लोक निवृत्त होतात, त्यामागे हेच गुरुजी आहेत.

कायदा नव्हता असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा एक कायदा १८८६ चा आहे, पण त्यात सगळ्यांवर सक्ती नव्हती. देशभर नोंदणी बंधनकारक करणारा कायदा आला १९६९ साली. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात मोठी दुरुस्ती लागू झाली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्याला जन्माचं सर्टिफिकेट हाच जन्मतारखेचा पुरावा. म्हणजे १ जूनवाले गुरुजी आता कायमचे रिटायर झाले.

‘दाखला’ या शब्दातही एक गंमत आहे. तोही अरबी मुळाचा, ‘आत जाणे’ या अर्थाचा. दाखल होणे, दाखल करणे, तेच कुळ. म्हणजे मूळ शब्द आत शिरण्याचा, आणि आपला सगळ्यात प्रसिद्ध दाखला कोणता? शाळा सोडल्याचा! शिवाय दाखला म्हणजे उदाहरणही. ‘इतिहासाचे दाखले देतो’ म्हणतो ना आपण. तुम्हाला कागदही दाखला आणि तुमच्या म्हणण्याच्या बाजूनं ठेवलेलं उदाहरणही दाखला.

वाक्य चौथं : ‘सर्टिफिकेटचं सर्टिफिकेट आणा.’

ज्यांनी राखीव जागेवर ॲडमिशन घेतलीय किंवा घ्यायचा प्रयत्न केलाय, ते आता मान डोलावत असतील. जातीचा दाखला असून भागत नाही. त्या दाखल्याची ‘व्हॅलिडिटी’ लागते. दाखला खरा आहे याचं सर्टिफिकेट.

हे का आलं? खोटे दाखले काढून दुसऱ्याच्या हक्काच्या जागा बळकावल्या जात होत्या म्हणून. १९९४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीची पद्धत घालून दिली. पुढे महाराष्ट्रानं २००० चा कायदा केला आणि पडताळणी समित्यांना कायद्याचा आधार मिळाला. हेतू योग्यच आहे. प्रश्न आहे पुराव्याचा.

नियम असा, की ठरावीक तारखेला तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवायचं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१.

या शेवटच्या ओळीवर थांबा जरा. भटक्या जमाती. वैदू, मसणजोगी, नंदीवाले. ज्यांचं जगणंच आज या गावात, उद्या त्या गावात. त्यांना विचारायचं, १९६१ साली तुमचा आजा कुठे राहत होता? कागद दाखवा. आजा शाळेत गेला नाही, म्हणजे शाळेची नोंद नाही. जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. घर नाही, म्हणजे घरपट्टी नाही.

आणि विमुक्तांचं तर याहून विचित्र. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरवला. आख्खी जमात जन्मतः गुन्हेगार. त्यांची नावं रजिस्टरात, हजेरी पोलिसांकडे आणि वस्तीबाहेर जायचं तर हातात पास. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही त्याचीच खूण. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून तर ‘विमुक्त’ हा शब्द आला. म्हणजे बघा, ज्या काळात या लोकांवर पाळत ठेवायची होती, तेव्हा सरकार स्वतः त्यांच्या दारात येऊन नोंद करत होतं. आणि आता हक्क द्यायची वेळ आली, तर नोंद शोधायचं काम त्यांच्यावर.

मग लोक काय करतात? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने रजिस्टर उघडतात. कोतवाल बुक नावाची एक वही असायची, गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहायचे, जातीसकट. ती पुष्कळदा मोडीत. मोडी वाचणारा गाठायचा, आजोबाचं नाव शोधायचं, नक्कल काढायची. त्यावर शिक्का बसतो ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. मला हा शिक्का फार आवडतो. नक्कल, पण खरी! पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इनामदाराला विचारलेला प्रश्न आणि आज तहसीलच्या बाकावर बसलेल्या पोराला विचारलेला प्रश्न एकच आहे. तुझ्या बापजाद्यांचा कागद दाखव. फरक इतकाच, की इनामदाराकडे निदान कधीतरी कागद होता.

वाक्य पाचवं : ‘मी जिवंत आहे, हे घ्या सर्टिफिकेट.’

नोव्हेंबर महिन्यात कुठल्याही बँकेत जा. आजी-आजोबांची रांग दिसेल. काम काय? हयातीचा दाखला. माणूस खिडकीसमोर उभा, खोकतोय, चष्मा पुसतोय, आणि सिद्ध करतोय की तो जिवंत आहे. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली, अंगठा लावून. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही हे होतं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी ही खरंच मोठी सोय आहे. तुमच्या आजोबांना करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

‘प्रमाण’ हा शब्द आपल्या तत्त्वज्ञानातला. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक म्हणायचे, प्रत्यक्ष तेवढंच खरं, बाकी सोडा. सरकारी खिडकी चार्वाकाच्या बरोबर उलट्या टोकाला बसलीय. तिला प्रत्यक्ष दिसत नाही, फक्त शब्द दिसतो, तोही शिक्क्यासकट.

खोटं वाटतं? उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी. सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागद काढायला गेले आणि कळलं, की सरकारदरबारी आपण मेलोय. जमिनीच्या नोंदीत मृत. जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्या कागदोपत्री मेलेल्यांचा ‘मृतक संघ’ काढला आणि थेट राजीव गांधींच्या विरोधात अमेठीतून निवडणूक लढवली. ‘कागज़’ हा पंकज त्रिपाठींचा सिनेमा त्यांच्यावरच आहे. सिनेमात आपण हसतो. पण हसता हसता कळतं, की कागदावरच्या एका ओळीपुढे जिताजागता माणूस अठरा-एकोणीस वर्षं हरत होता.

आणि आपलाही अनुभव आठवा. ऑगस्ट २०२१. मुंबईची लोकल सामान्यांसाठी पुन्हा सुरू झाली, पण दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेत याचं सर्टिफिकेट असेल तरच. स्मार्टफोन असलेल्याचं काम झालं. नसलेला तिकीटखिडकीजवळ कागदांच्या घड्या उलगडत उभा.

तर पाच वाक्यं झाली. तुम्ही म्हणाल, मग ताई, कागद चांगला की वाईट? मला वाटतं, प्रश्न तो नाहीच. कॉर्नेलियाला कागद हवा होता, आणि तिचा आग्रह बरोबरच होता. कागद नसता, तर आपण सगळे आजही ओळखीच्या आणि वशिल्याच्या भरवशावर असतो. खरा प्रश्न आहे, पुरावा कुणी शोधायचा? ज्याच्याकडे रेकॉर्ड रूम आहे त्यानं, की ज्याच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे त्यानं? इनाम कमिशनपासून आजपर्यंत हे ओझं बहुतेक वेळा पेटीवाल्याच्याच डोक्यावर पडलंय. काही गोष्टी सुधारल्यात, हेही सांगायला हवं. आता झेरॉक्सवर स्वतःच सही केली तरी चालते. पूर्वी त्यासाठी गॅझेटेड ऑफिसर शोधत फिरावं लागायचं. सरकारनं नागरिकावर आधी विश्वास ठेवायचा, हे छोटं पाऊल मला लाखमोलाचं वाटतं.

आता गृहपाठ. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. ती पेटी, ती फाइल उघडा. आजोबांचा शाळेचा दाखला, आजीच्या माहेरचा एखादा कागद, जुना सातबारा, काय असेल ते. मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढा, दोन ठिकाणी ठेवा. आजोबा कुठल्या गावच्या शाळेत गेले, कोणत्या साली, तेव्हा आडनाव काय लावायचे, ते विचारून लिहून घ्या. डिजिलॉकरमध्ये २००५ ची मार्कशीट सापडेलही, पण १९५५ चा आजोबा तिथे नाही. तो आजीच्या डोक्यात आहे, आणि आजीची नक्कल काढता येत नाही.

पुढच्या भागात भेटू, नव्या शब्दासह. तोवर तुमच्या घरातल्या १ जूनवाल्यांचा आकडा मला नक्की कळवा. नमस्कार!